उशिराची पंगत

मिश्र टाकीतला निशाचर कॅटफिश अनेकदा भुकेने मरतो, आणि तेही टाकीत रोज पुरेसे अन्न पडत असताना. संध्याकाळी घरचे माणूस कामावरून येते, टाकीचा दिवा लावते आणि चिमूटभर तरंगते खाणे पाण्यावर सोडते. टेट्रा, बार्ब, गप्पी, एंजल तुटून पडतात आणि दोन मिनिटांत पाण्याचा पृष्ठभाग साफ होतो. कॅटफिश त्या वेळी लाकडाच्या पोकळीत किंवा फिल्टरच्या मागे अंग चोरून पडलेला असतो. दिवा मालवल्यावर तो बाहेर येतो, मिशांनी तळ चाचपतो, आणि त्याच्या वाट्याला काही उरलेले नसते. पंगत उठून गेलेली असते. मासा थंड रक्ताचा असल्याने थोड्या अन्नावर बराच काळ तग धरतो. त्यामुळे ही उपासमार आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने चालते आणि मासा उलटा पडेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

याच्या मुळाशी एक समज आहे. कॅटफिश टाकी साफ ठेवतो, इतरांचे उष्टे आणि विष्ठा खाऊन जगतो, असे सांगून तो दुकानात विकला जातो. विष्ठेवर कोणताही कॅटफिश जगू शकत नाही. काही जाती शेवाळ खरवडतात, काही वाळूतले किडे वेचतात, काही लहान मासे गिळतात. त्या प्रत्येकीला तिचे ठरलेले अन्न लागते. काचेवरचे शेवाळ एका वाढत्या माशाला फार दिवस पुरत नाही. आणि कॅटफिशला उष्टे मिळावे म्हणून वरून जास्त खाणे टाकले, तर ते फटींत अडकून कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो आणि सगळ्याच माशांचा जीव धोक्यात येतो. मिश्र टाकीत कॅटफिश ठेवायचा, तर त्याला त्याच्या वेळी, त्याच्या जागी, त्याचे म्हणून वेगळे वाढले पाहिजे. बाकीचा सगळा तपशील या एका गोष्टीतून निघतो.

बेंगळुरूत हा तपशील जाणून घेण्याला विशेष कारण आहे. कब्बन पार्कच्या कडेला कस्तुरबा रोडवर सरकारी मत्स्यालय १९८३ साली सुरू झाले. त्याची हिऱ्याच्या आकाराची इमारत शहरातल्या शाळकरी मुलांच्या ओळखीची आहे. शहराबाहेर हेसरघट्ट्याला केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेचे विभागीय केंद्र आहे. घरोघरी मात्र टाकी असते ती फ्लॅटच्या बैठकीच्या खोलीतली, दोन-तीन फुटांची. तिचा मालक रात्री आठ-नऊला घरी पोहोचतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीतला दिवा चालू ठेवतो. बेंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला दिवस डिसेंबरात साधारण सव्वाअकरा तासांचा आणि जूनमध्ये तेरा तासांहून थोडा लहान. म्हणजे वर्षभर सहा-सातच्या सुमारास अंधार पडतो, अगदी काँगो आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यांत पडतो तसाच. तिथून आलेल्या माशांना हे शहर मानवणारे आहे. त्यांची रात्र हिरावून घेते ती घरातली वीज.

कॅटफिशच्या तीन हजारांहून अधिक जाती शास्त्राला ठाऊक आहेत. दुकानात दिसणाऱ्या जातींच्या सवयी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत, की सर्वांना एकाच मापाने मोजणे हीच पहिली चूक ठरते. कोरिडोरास लहान, कळपाने राहणारा आणि बराचसा दिवसा वावरणारा. त्याला उजेडातही खाता येते, फक्त अन्न तळाशी पोहोचले पाहिजे. ब्रिसलनोज, म्हणजे तोंडाभोवती मांसल झुपके असलेला ॲन्सिस्ट्रस, चार-पाच इंचांवर थांबतो आणि रात्री शेवाळ व वनस्पती खरवडतो. काँगोच्या खोऱ्यातला उलटा पोहणारा सायनोडोंटिस निग्रिव्हेंट्रिस दिवसभर लाकडाच्या खालच्या अंगाला पोट वर करून चिकटलेला असतो आणि रात्री पाण्याच्या पृष्ठभागाखालून खातो. पिक्टस चपळ, ठिपकेदार आणि अधाशी. काचेसारखा पारदर्शक ग्लास कॅटफिश तळाला जातच नाही. त्याला २०१३ साली क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस हे नाव मिळाले. तो मधल्या पाण्यात कळपाने तरंगत राहतो आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे बारीक अन्नच टिपतो. त्याच्यासाठी तळाशी वडी टाकणे व्यर्थ आहे.

भारतातल्या जातीही या छंदात आहेत. ईशान्येकडचा आणि बांगलादेशातला एरेथिस्टेस जेरडोनी जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा असतो. सुकलेल्या पानासारखा दिसतो आणि तासन्‌तास हलत नाही. बार्बांच्या टाकीत तो टिकणे जवळजवळ अशक्य. त्याला त्याच्याइतक्याच संथ सोबत्यांची टाकी हवी. पश्चिम घाटातला होराबॅग्रस ब्राकिसोमा सोनेरी अंगाचा, खांद्यावर काळा डाग आणि त्याभोवती पिवळी कड असलेला देखणा मासा आहे. केरळच्या नद्यांत तो प्रसिद्ध आहेच. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातून त्याची नोंद अनुराधा भट यांनी २००१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो असुरक्षित वर्गात मोडतो. दुकानात बोटाएवढे पिल्लू मिळते, पण पूर्ण वाढलेला मासा दीड फुटाच्या आसपास जाऊ शकतो. दोन फुटांच्या टाकीत त्याला ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

अंधारात कॅटफिश अन्न कसे शोधतो, हे एकदा कळले की त्याला वाढायचे कसे, हेही कळते. त्याच्या मिशा हे स्पर्शाचे अवयव आहेत, तसेच चवीचेही. त्यांच्यावर चवीच्या कलिका दाटीने असतात, आणि त्या तोंडापुरत्या न थांबता पोटावर, पाठीवर, शेपटीपर्यंत सगळ्या कातडीवर पसरलेल्या असतात. अमेरिकेतल्या बुलहेड नावाच्या कॅटफिशच्या अंगावर अशा सुमारे पावणेदोन लाख कलिका असल्याची नोंद आहे. माणसाच्या तोंडात त्या काही हजार असतात. जॉन बार्डाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले, की या माशाचे घ्राणेंद्रिय निकामी केले तरी तो निव्वळ चवीच्या आधारे दूरच्या अन्नापर्यंत पोहोचतो. जपानच्या समुद्रातल्या एका कॅटफिशवरचे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. वाळूत दडलेल्या किड्याच्या श्वासोच्छ्वासाने पाण्याचा आम्लपणा जो किंचित बदलतो, तेवढ्यावरून हा मासा किड्याची जागा ओळखतो. युरोपातल्या मोठ्या वेल्स कॅटफिशची गोष्ट आणखी वेगळी. कर्स्टन पोहलमान आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले, की पूर्ण अंधारात तो गप्पीच्या पोहण्याने पाण्यात उठलेल्या भोवऱ्यांचा माग काढत जातो. मासा पुढे निघून गेल्यावर दहा सेकंदांपर्यंतचा मागही त्याला पुरतो.

यावरून दोन व्यवहारी गोष्टी ठरतात. अन्नाला वास आणि चव हवी. वर्षभर उघड्या डब्यात पडलेले, दमट झालेले दाणे कॅटफिशला सापडणे कठीण. आणि अन्न जिथे ठेवायचे तिथून त्याच्या लपण्याच्या जागेकडे पाण्याचा हलका प्रवाह जायला हवा. फिल्टरचा झोत उलट दिशेने असेल, तर वीतभर अंतरावरची वडीसुद्धा त्याला कळत नाही.

त्याचा कानही तीक्ष्ण आहे, आणि हे सिद्ध झाले ते एका लाजाळू कॅटफिशला खाऊ घालताना. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे आणि पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी एक आंधळा बौना कॅटफिश पाळला होता. माशांना ऐकू येत नाही, असे त्या काळी अनेक शास्त्रज्ञ मानत. फॉन फ्रिश यांनी टाकीत मातीची एक नळी ठेवली. मासा दिवसभर तीत पडून राही. रोज ते आधी शीळ घालत आणि मग काडीच्या टोकावर मांसाचा तुकडा नळीजवळ धरत. काही दिवसांतच असे झाले, की नुसती शीळ ऐकून, तुकडा पाण्यात जाण्यापूर्वीच, मासा नळीतून बाहेर येऊ लागला. शीळ घातली की येणारा कॅटफिश, अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्यांनी १९२३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. या तीक्ष्ण श्रवणाचे शारीरिक कारण आधीच माहीत होते. एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी १८२० साली वर्णन केलेली लहान हाडांची साखळी या माशांच्या वाताशयाला कानाशी जोडते, आणि वाताशयावर पडलेला आवाज सरळ आत पोहोचतो.

या प्रयोगात टाकीवाल्याला लागणारे जवळजवळ सगळे आहे: लपायला हक्काची जागा, जागा न बदलता तिथेच दिलेले अन्न, आणि रोजची एकच खूण. मासा भित्रा असतो हे खरे, पण तो शिकतो. काचेवर टकटक करण्याची खूण मात्र वाईट. तीक्ष्ण कानाच्या प्राण्याला तो आघात वाटतो. झाकण हलकेच उघडण्याचा आवाज पुरतो.

वेळेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक चुका इथे होतात. माशाचा डोळा अंधाराला हळूहळू जुळतो. पडद्यातले रंगद्रव्य आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी जागा बदलतात आणि त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून टाकीचा दिवा मालवल्याबरोबर खाणे टाकू नये. त्या वेळी बार्ब अजून जागे असतात आणि कॅटफिश अजून निघालेला नसतो. अर्ध्या-पाऊण तासाने दिवसाचे मासे झाडांमध्ये स्थिरावतात आणि तळाशी हालचाल सुरू होते. तोच क्षण धरावा. खोलीतला मोठा दिवाही तोवर मालवलेला असावा. बाजूच्या खोलीतून येणारा मंद उजेड चालतो. दिवा रोज ठरलेल्या वेळी बंद करणारा टायमर हे या छंदातले सर्वांत उपयोगी आणि स्वस्त साधन म्हणावे लागेल. वेळेचा परिणाम भुकेपुरता नसतो. दिल्ली विद्यापीठातले बी. आय. सुंदरराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या शिंगी या कॅटफिशवर केलेले प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाले. जेवण दिवसरात्रीच्या कोणत्या प्रहरी दिले, यावर माशाची वजनवाढ अवलंबून असल्याचे त्यांत दिसले.

प्रत्यक्ष वाढताना आधी वरच्या माशांना वरच, टाकीच्या एका टोकाला, त्यांचे तरंगते खाणे द्यावे. ते तृप्त झाले की रात्रीची झोंबाझोंबी अर्धी कमी होते. मग दिवा मालवून, थांबून, बुडणाऱ्या गोळ्या किंवा वड्या दुसऱ्या टोकाला सोडाव्यात. कॅटफिश दोन-तीन असतील, तर जागाही दोन-तीन हव्यात; एकाच ढिगावर दांडगा मासा बसतो आणि दुबळा पुन्हा उपाशी राहतो. अगदीच न निघणाऱ्या नव्या माशासाठी प्लंबिंगच्या दुकानात मिळणारी अर्ध्या इंचाची पीव्हीसी नळी पाण्यात उभी धरून अन्न थेट गुहेच्या तोंडाशी उतरवता येते. गोठवलेले किडे असतील तर लांब नळीचा ड्रॉपर वापरावा. पहिले काही दिवस मासा काहीच खाणार नाही. तेवढ्याने घाबरून रोज दुप्पट अन्न टाकू नये. थोडे टाकावे आणि न खाल्लेले सकाळी काढावे. बाहेर येण्याची सवय लागली, की जेवणाची वेळ हळूहळू अलीकडे आणता येते. चांगल्या लपणाच्या टाकीत पुष्कळ कॅटफिश मंद उजेडातही खायला येतात.

लपण्याच्या जागा भरपूर असाव्यात. मासा दिसावा म्हणून त्या काढून टाकणारे लोक आहेत, आणि त्याचा परिणाम नेमका उलट होतो: आडोसा जवळ आहे अशी खात्री नसलेला मासा बाहेर पडतच नाही. नारळाची करवंटी, फुटक्या मडक्याचा अर्धा भाग, पीव्हीसी पाइपाचे तुकडे, पाण्यात मुरवलेले लाकूड, यांतले काहीही चालते. पोकळी माशाच्या अंगाला लागून असावी, कारण रुंद जागेत त्याला सुरक्षित वाटत नाही. तळाला बारीक गुळगुळीत वाळू घालावी. दुकानातली रंगीत, धारदार खडी मिशा झिजवते आणि तिच्या फटींत अन्न हरवते. मिशा झिजलेला कॅटफिश अंधारात खऱ्या अर्थाने आंधळा होतो.

काय द्यावे, हे तोंडाच्या ठेवणीवरून ठरते. चोषक तोंडाचा ॲन्सिस्ट्रस आणि त्याचे भाईबंद यांना वनस्पती मुख्य: स्पिरुलिनाच्या वड्या, काकडी, दुधी, कोवळा दोडका, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक. भाजी स्वच्छ धुवावी, काट्याला किंवा दगडाला अडकवून तळाशी ठेवावी आणि सकाळी उचलावी. पिक्टस, सायनोडोंटिस, होराबॅग्रस यांना प्राणिज अन्न जास्त लागते: बुडणाऱ्या गोळ्या, गोठवलेले ब्लडवर्म, सोललेल्या कोळंबीचे तुकडे, खत-औषध न मारलेल्या मातीतले धुऊन घेतलेले गांडूळ. एरेथिस्टेससारख्या चिमुकल्याला बारीक जिवंत अन्नच रुचते. ट्युबिफेक्स हे जिवंत किडे स्वस्त मिळतात, पण ते घाण पाण्याच्या गाळातून येतात आणि रोग आणतात. ते टाळलेले बरे. मटण-गोमांसाची चरबी माशाच्या अंगच्या तापमानाला घट्ट होते, तीही नको. मोठ्या झालेल्या माशाला आठवड्यातून एक दिवस उपास मानवतो, पिल्लाला नाही.

मासा खातो आहे हे कसे ओळखावे? वडी सकाळी नाहीशी झाली, एवढा पुरावा पुरेसा नाही; ती गोगलगायींनी किंवा बार्बांनी संपवलेली असू शकते. पोट पाहावे. ॲन्सिस्ट्रस काचेला चिकटला की त्याचे पोट बाहेरून स्पष्ट दिसते. ते सपाट किंवा किंचित भरलेले असावे, आत गेलेले नसावे. खोल गेलेले डोळे, डोक्यामागे बारीक पडलेली मान, शेपटीच्या मुळाशी सुरकुतलेले अंग ही पुढच्या टप्प्याची लक्षणे. दर महिन्याला एकाच पाइपाच्या तुकड्याशेजारी मासा असताना फोटो काढून ठेवला, तर वाढ मोजता येते. रात्री पाहण्यासाठी मंद लाल दिवा वापरावा. बऱ्याच गोड्या पाण्यातल्या माशांना तो पांढऱ्या दिव्याइतका खुपत नाही. तपासणीसाठी कॅटफिशला जाळीने पकडू नये. त्याच्या छातीच्या परांचे काटे ताठ होऊन जाळीत गुंततात, आणि शिंगीचा काटा तर विषारी असतो. प्लॅस्टिकच्या डब्यात हाकलून घेणे सुरक्षित.

रात्री वाढण्याला एक धोकाही आहे. अंधारात पाणवनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्याच वेळी कॅटफिश जागा असतो, पोट भरलेला असतो आणि उरलेले अन्न कुजू लागलेले असते. म्हणून हवेचा पंप रात्रभर चालू हवा आणि वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा छोटा पंप जवळ असावा. बेंगळुरूत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. पाणी गार झाले की माशाची भूक आणि पचन दोन्ही मंदावतात. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक जातींसाठी हीटर लावून २५ अंशांच्या आसपास पाणी ठेवावे. बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त आणि अल्कधर्मी असेल, तर अमोनियाचे विष अधिक तीव्र होते. अशा घरात उरलेले अन्न काढण्यात हयगय चालत नाही. कावेरीच्या नळाला क्लोरीन असते, त्याचा बंदोबस्त वेगळा.

मिश्र टाकीत कोण कुणाचे अन्न होईल, हाही आहाराचाच प्रश्न आहे. निऑन टेट्रा रात्री झोपलेले असतात आणि पिक्टसच्या तोंडात ते सहज मावतात. रोज एकेक टेट्रा कमी होतो आणि दोष फिल्टरला दिला जातो. तोंडात मावेल तो मासा सोबतीला ठेवू नये, हा नियम कॅटफिशला तंतोतंत लागू होतो. 'शार्क' म्हणून बोटभर विकला जाणारा पंगॅसियस एक मीटरहून मोठा होतो, रेड टेल कॅटफिशही तसाच. सकर फिश दीड फुटाच्या घरात जातो. हे मासे घरच्या टाकीसाठी नाहीत, आणि विक्रेत्यांनी ते तसे सांगून विकायला हवे. टाकीत मावेनासा झालेला सकर तलावात सोडण्याने काय होते, हे उजनी धरणाच्या मच्छीमारांना विचारावे. त्यांच्या जाळ्यांत तो हाडांच्या चिलखतासह अडकतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नसते. बेंगळुरूच्या हलसूर, हेब्बाळ किंवा कुठल्याही तलावात टाकीतला मासा सोडू नये. दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्याला परत द्यावा.

दिवाळीत बेंगळुरूची अनेक मराठी घरे आठ-दहा दिवस बंद राहतात आणि किल्ली शेजारी जाते. निरोगी, पूर्ण वाढलेला कॅटफिश आठवडाभर अन्नावाचून सहज राहतो. निघण्याच्या आदल्या रात्री जास्तीचे वाढून ठेवू नये. मुक्काम त्याहून लांबला तर शेजाऱ्यांकडे एकेका रात्रीची पुडी बांधून द्यावी, खाण्याचा डबा देऊ नये. पुडीवर वेळही लिहावी: दिवा बंद झाल्यानंतर पाऊण तासाने.